हेत्वारोप आणि सुरतेचा मांडव

काही वर्षांपूर्वी बडोद्यातल्या एका आंतरशालेय वादविवाद स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय साधा होता: रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडे तोडावीत की नाही. कोणत्या संघाने कोणती बाजू घ्यायची, हे सगळ्यांच्या देखत चिठ्ठ्या टाकून ठरले होते. वाद रंगला. झाडांच्या बाजूने बोलणारा नववीतला एक मुलगा उत्तराच्या फेरीत उठला आणि समोरच्या बाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे कोणाच्या वतीने बोलतात, यांना कोणी पढवून पाठवलंय, हे काय आम्हाला कळत नाही?" टाळ्यांचा कडकडाट झाला. समोरच्या मुलांना कोणी पढवून पाठवले नव्हते. त्यांच्या हाती दुसरी चिठ्ठी आली असती, तर तीच मुले झाडांसाठी बोलली असती. ते त्या मुलालाही ठाऊक होते आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनाही.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने ही तऱ्हा मोठ्यांकडून उचलली. मला खटकले ते एवढेच, की ते वाक्य उच्चारल्यावर झाडांविषयी आणखी काही बोलायची गरजच त्याला उरली नाही. त्याच्याकडे दोन चांगले मुद्दे होते. टिपणात लिहून आणलेले मी पाहिले होते. ते तसेच राहून गेले.

या क्रियेला मराठीत एक नेमका शब्द आहे: हेत्वारोप. समोरच्याचे म्हणणे बाजूला सारून तो ते का म्हणतो याचे आपणच उत्तर देणे, आणि ते उत्तर नेहमी हलकेच असणे. 'तुमचा हिशेब चुकला' असे म्हटले तर हिशेब पुन्हा मांडता येतो. 'तुम्ही विकले गेला आहात' असे म्हटल्यावर समोरच्याने काय मांडायचे? त्याने नाकारले तर विकला गेलेला माणूस दुसरे काय बोलणार. गप्प राहिला तर कबुली. हेत्वारोप खोटा ठरवायची वाटच नसते, आणि हेच त्याचे बळ असते. प्रतिपक्षाला राक्षस ठरवण्याची सुरुवात शिवीगाळीपासून होते असे आपण समजतो. माझ्या मते ती इथून होते, आणि पुष्कळदा अगदी सभ्य भाषेत होते.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांना हे चांगले कळले होते. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य समजावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. यांतला तिसरा शब्द 'वितंडवाद' म्हणून आपल्या बोलण्यात आजही आहे. पहिल्या दोहोंतला भेद मात्र आपण विसरलो. वादाची एक अटही या परंपरेत होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळासह सांगायचे, आणि मग त्याचे खंडन करायचे. पूर्वपक्ष दुबळा मांडला तर खंडनालाही किंमत नाही.

हे सगळे तत्त्व म्हणून कोणालाही पटते. ते मोडले की प्रत्यक्षात काय होते, हे पाहायला एक चांगले उदाहरण आमच्या बडोद्याहून रेल्वेने दोन-अडीच तासांच्या अंतरावर घडले आहे. ते उदाहरण १९०७ सालच्या सुरत काँग्रेसचे. मराठी माणसाला ते शाळेपासून माहीत असते, पण 'जहाल आणि मवाळ यांच्यात फूट पडली' या एका ओळीपुरतेच. फूट नेमकी कशावरून पडली हे विचारले, तर चांगले वाचणारेही थबकतात.

आधीच्या वर्षी, डिसेंबर १९०६ मध्ये, कलकत्त्याला दादाभाई नौरोजी अध्यक्ष असताना काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चार विषयांवर ठराव केले होते. बंगालच्या फाळणीने देश तापलेला होता. हे ठराव म्हणजे टिळकांच्या बाजूची मोठी मिळकत. ती पुढच्या अधिवेशनात कोणी काढून घेऊ नये, ही त्यांची चिंता. दुसऱ्या बाजूलाही चिंता होतीच. ठरावातले 'बहिष्काराची चळवळ' हे शब्द फार मोघम आहेत, असे गोखले आणि त्यांच्या मित्रांना वाटत होते. कलकत्त्याच्याच अधिवेशनात बिपिनचंद्र पाल यांनी त्या शब्दांचा अर्थ ताणून सरकारशी असलेल्या संबंधांपर्यंत नेला होता, आणि त्याला तिथल्या तिथे विरोधही झाला होता.

पुढचे अधिवेशन नागपूरला भरायचे होते. तिथल्या स्वागत समितीत दोन्ही बाजूंची इतकी जुंपली की ते सुरतेला हलवावे लागले. जहालांना त्यात पहिला डाव दिसला, कारण सुरत म्हणजे फिरोजशहा मेहतांच्या वजनाखालचा मुलूख. अध्यक्ष म्हणून रासबिहारी घोष यांचे नाव पुढे आले. जहालांना लाला लजपतराय हवे होते. ते नुकतेच मंडालेच्या हद्दपारीतून सुटून आले होते. लालाजींनी स्वतःच नकार दिला. मग अधिवेशनापूर्वी वर्तमानपत्रांत विषयांची जी यादी आली, तीत स्वराज्य, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण दिसेनात. जहालांना तो दुसरा डाव वाटला. ठरावांचा मसुदा गोखल्यांनी तयार केला होता, पण छापील प्रती वेळेवर हाती आल्या नाहीत. टिळकांना प्रत मिळाली ती २६ डिसेंबरला, अधिवेशनाच्या मांडवात, कामकाज सुरू होण्याच्या घटकेला. त्यांनी ती वाचली तेव्हा चारही विषय तिच्यात होते, पण शब्द जिथे तिथे बदललेले. 'बहिष्काराची चळवळ' या जागी 'परदेशी मालावरील बहिष्कार' आले होते.

इथे थोडे थांबावे असे मला वाटते. 'बहिष्काराची चळवळ' आणि 'परदेशी मालावरील बहिष्कार' यांत फरक आहे, आणि तो लहान नाही. पहिल्या शब्दांत सरकारी नोकऱ्या, मानद पदे, शाळा असे कितीतरी बसू शकते. दुसऱ्या शब्दांत फक्त कापड आणि साखर. यावर दोन दिवस कडाक्याचा वाद व्हायला हवा होता. विषयनियामक समिती असते ती त्याचसाठी. पण तो वाद झालाच नाही. शब्द का बदलले याचे उत्तर दोन्ही बाजूंनी आधीच देऊन टाकले होते. जहालांच्या लेखी उत्तर असे, की यांना सरकारची मर्जी राखायची आहे, म्हणून कलकत्त्याचे ठराव गुपचूप गिळायचे आहेत. मवाळांच्या लेखी असे, की यांना काँग्रेस चालवायची नाही, मोडायची आहे. म्हणून हे निमित्त शोधत आहेत. ठराव गाळायचा आमचा विचार कधीच नव्हता, छपाईला उशीर झाला एवढेच, असे गोखल्यांनी पुढे जाहीर निवेदन करून सांगितले. पण सुरतेत त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारे त्या बाजूला कोणी उरले नव्हते. ठराव कायम राहतील अशी हमी मिळाली तर अध्यक्षाच्या निवडीला आम्ही आडवे येणार नाही, असे टिळकही सांगत होते. त्यांच्या शब्दावरही पलीकडे कोणाचा विश्वास नव्हता. लालाजी मध्ये पडून दोन्हीकडे खेपा घालत राहिले. काही हाती लागले नाही.

प्रतिपक्षाला राक्षस ठरवल्याने त्याच्या भावना दुखावतात, हे मला त्या मानाने गौण वाटते. राजकारणात उतरलेल्या माणसाने तेवढे सोसायला हरकत नाही. खरी हानी अशी, की 'प्रती छापून यायच्या आहेत' यासारखे त्याचे साधे, तपासून पाहता येण्याजोगे वाक्यही आपल्याला ऐकू येईनासे होते. प्रत्येक गोष्टीला डावाचा वास येऊ लागतो. मग सभेचे नियम, समिती, मध्यस्थ, मतदान यांतले काहीच चालत नाही, कारण या सगळ्यांना समोरच्याच्या शब्दाचा थोडासा तरी आधार लागतो.

२६ तारखेला सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्षांच्या नावाला पाठिंबा द्यायला उभे राहिले, तेव्हा इतका गोंगाट झाला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा भरली. टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली होती, की अध्यक्षाच्या निवडीवर मला तहकुबीची उपसूचना मांडायची आहे. चिठ्ठीला उत्तर आले नाही. घोष निवडून आल्याचे जाहीर झाले. ते भाषणाला उभे राहिले आणि टिळक व्यासपीठावर चढले. मालवींनी त्यांची सूचना नियमबाह्य ठरवली. टिळक हटेनात. मंडपातून एक जोडा आला, सुरेंद्रनाथांना लागला आणि तसाच फिरोजशहांवर गेला. मग काठ्या आल्या, खुर्च्या उडाल्या, आणि शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला.

हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे होता. त्याने त्या जोड्याचे वर्णन केले आहे: तांबड्या कातड्याचा, टोकाला वळलेला, तळाला शिसे ठोकलेला, आणि मराठी. जोडा कोणी फेकला ते कधीच ठरले नाही, पण तो कोणत्या मुलखाचा हे मात्र सगळ्या जगाला कळले. त्याच दिवशी गुजराती लोकांना टिळकांविरुद्ध चिथावणारे एक गुजराती पत्रक वाटले गेले, असे जहालांनी आपल्या निवेदनात नोंदवले आहे. स्वराज्य कसे मिळवावे यावरचा मतभेद दोन दिवसांत गुजराती विरुद्ध मराठी असा होऊ पाहत होता. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांना हा तपशील जरा जास्तच जवळून लागतो. राक्षस ठरवलेला माणूस कधी एकटा राहत नाही; त्याची जात, त्याचे गाव, त्याची भाषा, सगळे त्याच्या मागून त्या यादीत जाऊन बसते.

नेव्हिन्सनने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. दंगल चालू असताना टिळक व्यासपीठावर हातांची घडी घालून उभे होते. उचलून नेल्याखेरीज हलणार नाही अशा पवित्र्यात. लोक त्यांच्या अंगावर धावून येत होते. तेव्हा त्यांच्या शेजारी येऊन, दोन्ही हात पसरून, त्यांना वाचवायला जो माणूस उभा राहिला तो गोपाळ कृष्ण गोखले.

हे दृश्य मी मुलांना सांगतो तेव्हा ती क्षणभर गप्प होतात, आणि मग हमखास प्रश्न येतो: "पण सर, मग ते भांडत का होते?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी पुण्याला जावे लागते, आणि तेही पंचवीस-तीस वर्षे मागे.

टिळक आणि आगरकर यांची मैत्री, न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी', कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र काढलेले १०१ दिवस, हे सारे परिचित आहे. पुढे सामाजिक सुधारणेवरून मते फाटली. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ तरुण गोखल्यांनी सांभाळली. गोखले टिळकांहून दहा वर्षांनी लहान, आणि ज्या शाळा-महाविद्यालयात टिळक गणित शिकवत तिथेच गणित शिकवणारे. १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा केले. त्यावरून पुण्यात जे रान उठले, त्याची ऊब पुढची वीस वर्षे गेली नाही. सुधारकांचा युक्तिवाद चुकीचा आहे, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा आणू नये, असे म्हणता येत होते, आणि टिळक तसे म्हणतही होते. पण रस्त्यावरचा सूर निराळा होता: सुधारक हे धर्मबुडवे, साहेबाचे बगलबच्चे. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, आणि ती त्यांच्या घरावरून गेली. ज्याच्याबरोबर काल शाळा काढली तो आज धर्माचा शत्रू, या प्रवासाला दहा वर्षेही लागली नाहीत. जून १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा ते अवघे अडतीस वर्षांचे होते.

टिळकांनी प्रेतयात्रा काढली नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयावर लिहिताना लेखकाने स्वतःच एक नवा राक्षस उभा करणे सोपे असते. नेता हेतूंवर एक शेरा मारतो. त्याचे अनुयायी त्या शेऱ्याची तिरडी बांधतात. दोहोंत अंतर आहे, पण रस्ता एकच आहे.

गोखल्यांच्या वाट्याला असा प्रसंग १८९७ साली आला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याच्या मित्रांनी त्यांना कळवले. ते त्या वेळी इंग्लंडात होते आणि त्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्राला सांगितले. परतल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा कळवणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना. गोखल्यांनी त्यांची नावे फोडली नाहीत, आरोप मागे घेतले आणि लेखी माफी मागितली. त्या वर्षी अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांचे नाव काढले तरी लोक चिडत. सिद्ध करता न आलेला आरोप मागे घेणे ही चूक की धैर्य, यावर आजही दोन मते होऊ शकतील. त्या काळी पुण्यात एकच मत होते: भित्रा. पुढे दहा वर्षांनी सुरतेत जो मसुदा अविश्वासाने वाचला गेला, तो याच 'भित्र्या' माणसाच्या हातचा होता. वाचणाऱ्यांनी मसुदा वाचण्याआधी माणूस वाचला होता.

आता शब्दांविषयी थोडे. हे भाषेचे वार्षिक आहे, आणि मला वाटते गोम तिथेच आहे. इंग्रजीत या दोन पक्षांना जी नावे होती, ती निदान वरवर तरी भूमिकेची होती: एक मध्यम मार्गाने जाणारा, दुसरा टोकाला जाणारा. मराठीत आली ती 'मवाळ' आणि 'जहाल'. मराठी कानाला हे शब्द कसे लागतात ते पाहा. जहाल काय असते? विष, औषध, तंबाखू. मवाळ काय असते? लोणी, भात, आणि कणा नसलेला माणूस. म्हणजे भाषांतर होता होता भूमिकेचे स्वभावात रूपांतर झाले. भूमिका बदलता येते, तिच्यावर वाद घालता येतो. स्वभावावर कसला वाद? न्यायमूर्ती रानड्यांनी १८९६ साली डेक्कन सभा काढली तेव्हा संयम हे आपले धोरण म्हणून विचारपूर्वक, कारणे देऊन जाहीर केले होते. दहा वर्षांत त्या धोरणाचे नाव शिवी होऊन बसले. उलट बाजूने 'जहाल' या शब्दाने टिळकांच्या पक्षातल्या कायदा आणि घटना पाळणाऱ्या शेकडो माणसांना बॉम्ब करणाऱ्यांच्या पंक्तीला नेऊन बसवले. सरकारला ते सोयीचेच होते. टिळकांच्या बाजूने स्वतःसाठी निवडलेले नाव होते 'राष्ट्रीय पक्ष'. नाव देखणे आहे, पण त्याच्या पोटात एक न उच्चारलेले वाक्य आहे: बाकीचे राष्ट्रीय नाहीत.

गंमत अशी की या लेबलांचा पोकळपणा सगळ्यांत नेमका ओळखला होता तो खुद्द टिळकांनी. २ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे सुरतेच्या जेमतेम वर्षभर आधी, कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगितले की हे शब्द काळाशी बांधलेले आहेत; कालचे जहाल आज मवाळ ठरले, तसे आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. इतके स्पष्ट दिसत असूनही सुरत टळली नाही. ज्याला दिसते त्यालाही आपल्या बाजूच्या गर्दीला आवरता येत नाही, असा याचा अर्थ घ्यावा काय? मला अजून नीट उलगडलेले नाही.

लेबलाच्या आड माणूस कसा नाहीसा होतो, तेही पाहण्यासारखे आहे. 'मवाळ' गोखल्यांनी १९०५ साली बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बंगालच्या बहिष्काराचे समर्थन केले होते. 'जहाल' टिळक १८९५ साली मुंबई कायदे कौन्सिलात निवडून गेले होते. पण लेबलात न बसणारी माहिती कोणी लक्षात ठेवत नाही.

सुरतेनंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच दिवशी मवाळांनी वेगळी परिषद भरवली आणि पुढे काँग्रेसची अशी घटना केली की जहालांना बाहेरच राहावे लागले. व्हाइसरॉय मिंटो यांनी भारतमंत्री मोर्ले यांना कळवले, की सुरतेचे कोसळणे हा आपला मोठा विजय आहे. सहा महिन्यांनी, २४ जून १९०८ रोजी, टिळकांना अटक झाली, आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. त्या वेळी गोखले लंडनमध्ये होते. पुण्यात कुजबूज उठली की टिळकांना शिक्षा व्हावी म्हणून गोखल्यांनीच मोर्लेचे कान भरले. मोर्ले स्वतः त्या खटल्याबद्दल नाखूश होता. आपल्याला आधी विचारले असते तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका असेच सांगितले असते, असे त्याने मुंबईच्या गव्हर्नरला लिहिले होते. पण ही पत्रे पुण्यातल्या वाचकाला कुठून दिसणार? त्याच्यापुढे दोन चित्रे होती: तुरुंगात गेलेला एक आणि साहेबाशी बोलायला गेलेला दुसरा. मधली रेघ त्याने स्वतःच ओढली. गोखल्यांना हा डाग जन्मभर पुरला.

आणि व्यासपीठावर टिळकांसमोर हात पसरून उभा राहिलेला माणूसही यातून मोकळा राहिला नाही, हे लिहायला हवे. १९१४ साली टिळक सुटून आले. दोन्ही पक्ष पुन्हा एक व्हावेत म्हणून ॲनी बेझंट आणि सुब्बाराव खटपट करू लागले. गोखले आधी अनुकूल होते. मग सुब्बारावांनी टिळकांशी झालेल्या बोलण्याचा जो गोषवारा त्यांच्यापर्यंत आणला, त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की टिळक काँग्रेसमध्ये येतील ते अडवणुकीसाठी; आणि भूपेंद्रनाथ बसूंना खासगी पत्र लिहून त्यांनी ते कळवले. पत्रातला मजकूर फुटला. आपण तसे काही बोललोच नाही, असे टिळकांचे म्हणणे. पुन्हा वर्तमानपत्रांतून खडाजंगी सुरू झाली, पुन्हा तोच प्रश्न: कोण नेमके काय म्हणाले? दोघे पुण्यातच राहत होते. समोर बसून विचारले असते तर तासाभराचे काम होते. गोखले तेव्हा फार आजारी होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले.

टिळक सिंहगडावर होते. निरोप मिळताच खाली आले. चितेपाशी त्यांनी जे बोलून दाखवले, त्यात गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न म्हटले. ते बोलू लागल्यावर गर्दीतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ही वेळ टाळ्यांची नव्हे, डोळे पुसण्याची आहे, असे त्यांनी सुनावले. काँग्रेस पुन्हा एक झाली ती डिसेंबर १९१६ मध्ये, लखनौला. फिरोजशहाही त्याआधी वर्षभर गेलेले होते. या नऊ वर्षांत मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या, विभक्त मतदारसंघ आले, आणि त्यांवर बोलायला संपूर्ण काँग्रेस एका जागी कधीच बसली नाही.

काही वाचक म्हणतील, मग काय गुळमुळीत बोलायचे? तसे मला मुळीच म्हणायचे नाही. आगरकरांचे गद्य गुळमुळीत नव्हते, 'केसरी'चे अग्रलेख तर नव्हतेच. कठोर भाषेने मराठी विचाराचे भलेच झाले आहे. एखादे मत मूर्खपणाचे आहे, घातक आहे, त्याने माणसे मरतील, असे ठणकावून सांगण्यात गैर काही नाही. हेतूंविषयी कधीच बोलू नये असेही नाही. राजकारणात लाच असते, लागेबांधे असतात, आणि ते उघड करणे हे पत्रकाराचे कामच आहे. पण हेतूचा आरोप हा इतर कोणत्याही आरोपासारखाच पुराव्याने सिद्ध करायचा असतो. आपल्याला न पटणारे मत हाच हलक्या हेतूचा पुरावा, असे धरले की खेळ संपला. आज दर महिन्याला नवीन लेबल येते. देशद्रोही, अंधभक्त, गुलाम, विकाऊ. यादी कोणा एका पक्षाची नाही, आणि मी ती पुढे नेत नाही. शब्द नवे आहेत. सुरतेला जे झाले ते छापील मसुद्यावरून झाले. आता मसुदा फिरायच्या आधी लेबल फिरते.

शिक्षक म्हणून माझ्या हातात फार थोडे आहे. त्या स्पर्धेनंतर मी वर्गात एक प्रयोग करू लागलो. मुलांचे दोन गट करतो: एक टिळकांचा, एक गोखल्यांचा. पण टिळकांच्या गटाने गोखल्यांचे निवेदन लिहायचे, आणि गोखल्यांच्या गटाने टिळकांचे. अट एकच. ज्याचे निवेदन आहे त्या गटाने ते वाचून, 'हो, हेच आमचे म्हणणे', असे म्हणत खाली सही केली पाहिजे. सही मिळेपर्यंत पुन्हा लिहायचे. पहिल्या खेपेला सही कधीच मिळत नाही. पहिल्या मसुद्यात गोखले हमखास म्हणतात, "आम्हाला सरकार नाराज होऊ द्यायचे नाही." गोखल्यांचा गट खवळतो. टिळक म्हणतात, "आम्हाला अधिवेशन उधळायचे आहे." मग तिकडे आरडाओरडा.

मागच्या वर्षी एका मुलीने चौथ्या मसुद्यापर्यंत नेटाने लिहिले. गोखल्यांच्या गटाने तो सगळा वाचला, आपसात कुजबुजले, आणि सही करायला पेन उघडले. पण एक मुलगा म्हणाला, थांबा, एक शब्द बदलायचा राहिला. 'बहिष्कार' लिहिलंय, 'परदेशी मालावरचा बहिष्कार' असं लिही. ती मुलगी टिळकांच्या गटातली. तिने कागद पुढे ओढला, बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले, आणि म्हणाली, "लिहिते. पण मग उद्या आमच्या निवेदनात 'चळवळ' राहू द्यायची." तास संपल्याची घंटा झाली तरी दोन्ही गट त्या एका शब्दावरच बोलत होते.